ताऱ्यांची पट्टी आणि विजेचे बिल



वातानुकूलन यंत्र, म्हणजे आपण ज्याला एसी म्हणतो ते, आता पेडणे व डिचोली तालुक्यांतील साध्या घरांतही दिसू लागले आहे. मंगळुरी कौलांच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला आणि दिवसभर तापलेले छत रात्री खोलीत उष्णता सोडू लागले. तेव्हा एसी घेणाऱ्यास उधळ्या म्हणणे मला उचित वाटत नाही. मात्र यंत्राची किंमत एकदाच द्यावयाची असते, बिल दरमहा येते; आणि घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढता असल्यामुळे एसीची युनिटे बहुधा वरच्या, महाग टप्प्यात पडतात.

ही युनिटे खरेदीपूर्वीच कळावीत, यासाठी यंत्रावर ताऱ्यांची पट्टी असते. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ अन्वये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला व २००६ साली त्याने ही योजना सुरू केली. एसीला ती २०१० पासून सक्तीची होत गेली, छताच्या पंख्यास २०२३ पासून.

परंतु तारे मोजून थांबू नये. एसीच्या पट्टीवर वार्षिक युनिटांचा आकडा असतो. तो वर्षाला १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. समजा, हा आकडा १००० आहे आणि आपण मार्च ते मे व पुन्हा ऑक्टोबरात, मिळून १२० रात्री, दररोज ८ तास यंत्र चालविता. हे ९६० तास झाले. म्हणजे आपणास अंदाजे ६०० युनिटे लागतील. दोन यंत्रांच्या अशा युनिटांतील फरकाला आपल्या बिलातील वरच्या दराने गुणावे. महाग यंत्राची जादा किंमत किती वर्षांत वसूल होईल, ते त्यावरून उमगते. मोरजी-हरमलास पाहुण्यांसाठी खोल्या ठेवणाऱ्यास पाच तारे लवकर परवडतील. वर्षातून चाळीस रात्री यंत्र लावणाऱ्यास कदाचित तीनही पुरे होतील. शिक्षकांनी हे गणित वर्गात अवश्य घालावे. बिल भरणाऱ्या वडीलधाऱ्यांपेक्षा मुलेच ते आधी सोडवतील!

पट्टीवर मुदतही छापलेली असते. तिच्याकडे न पाहता मी स्वतः पाच ताऱ्यांचा एसी घरी आणला. तो जुन्या साठ्यातील निघाला. जुलै २०२२ मध्ये निकष कडक झाले होते, आणि आदले पाच तारे नव्या हिशेबाने चारच भरत होते.

खरे पाहता आपल्याकडे उन्हापेक्षा दमटपणाच अधिक छळतो, आणि घाम वाळविण्याचे काम पंखा स्वस्तात करतो. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नव्या पद्धतीच्या मोटरचा सुमारे ३०. रोज १२ तास चालविल्यास एका पंख्यामागे वर्षाला १९७ युनिटे वाचतात. एसी २४ अंशांवर ठेवून सोबत असा पंखा लावला, तर झोप सुखाची लागते.

थंडीसाठी घर तापविण्याचा प्रश्न गोव्यात नाही. तापवावयाचे ते न्हाणीतले पाणी. भाणाखाली लाकडे घालण्याऐवजी ज्यांनी टाकीचा गीझर बसविला आहे, त्यांच्या पट्टीवरील आकडा निराळा असतो. पाणी न काढता टाकी २४ तासांत किती वीज वाया घालविते, हे तो सांगतो. म्हणून एसीच्या ताऱ्यांशी त्याची तुलना करू नये, आणि आंघोळी आटोपल्यावर बटण बंद करण्यास विसरू नये.