सीडी प्लेअरमधील घड्याळ



सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर विज्ञानाची जाणकार मंडळी बोलून गेली. यंदाची निमंत्रणपत्रिका पाहून, मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने हा कसला विषय घेतला, असे अनेकांना वाटले असेल. सरांनी मला दहावीच्या वर्गात सांगितलेली एक गोष्ट माझ्या गळी उतरायला चाळीस वर्षे लागली, आणि ती उतरली ती या घड्याळामुळे. विषयाच्या निवडीचे कारण एवढेच.

सरांचा लंबकाचा प्रयोग इथल्या अनेकांना आठवत असेल. दोऱ्याला गोळा टांगायचा, वीस आंदोलनांचा वेळ मोजायचा, वीसने भागायचे आणि गुरुत्वत्वरण काढायचे. माझ्या वहीत उत्तर नेमके ९८० आले. सरांनी वही पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘हे उत्तर लंबकाने दिले, की तू?’’ उत्तर अर्थातच मी दिले होते. पुस्तकातला आकडा आधी मांडून वेळ मागाहून लिहिली होती. सरांनी मारले नाही. मारले असते तर बरे, असे तेव्हा वाटले.

आता सीडीकडे वळतो. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सोनीचा पहिला सीडी प्लेअर विक्रीस आला. तबकडीवर सूर साठवण्याची जुनी रीत म्हणजे हवेच्या कंपनासारखीच नागमोडी खोबण. सीडीत खोबण नसते, आकडे असतात. गाण्याच्या एका सेकंदाचे ४४,१०० तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यावर ध्वनीची उंची मोजून लिहून ठेवायची. तीही ६५,५३६ पायऱ्यांच्या जिन्यावर. वाजवताना हेच आकडे त्याच ठेक्याने पुन्हा विद्युतलहरीत उतरवायचे. हा ठेका धरणारे जे यंत्रातले अंग, त्याला घड्याळ म्हणतात.

त्याला काटे नसतात. पत्र्याच्या लहानशा डबीत क्वार्ट्झची, म्हणजे आपल्या गारगोटीची, एक चकती असते. या स्फटिकावर दाब दिला की वीज उत्पन्न होते, हे प्येर आणि झाक क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखवले. उलट वीज दिली की स्फटिक थरथरतो. ही थरथर अतिशय नियमित असते. मनगटावरच्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, तर पुष्कळशा सीडी प्लेअरांमधला १,६९,३४,४०० वेळा. या संख्येला ३८४ ने भागले की बरोबर ४४,१०० उरतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. तबकडी फिरवणारी मोटर थोडी अडखळली तर गाणे डळमळेल, असे आपल्याला रेकॉर्डच्या सवयीने वाटते. सीडीत तसे होत नाही. वाचलेले आकडे आधी एका स्मृतीत जमा होतात आणि तिथून स्फटिकाच्या ठेक्यावर बाहेर पडतात. पाणी टाकीत कसेही पडो, तोटीची धार एकसारखी राहते, तसे हे आहे.

मग घड्याळ बदलण्याची गरज कुणाला भासली? स्फटिकाची थरथर कितीही नियमित असली तरी एखादा ठोका तिळभर आधी, एखादा तिळभर उशिरा पडतो. या चंचलतेला तंत्रज्ञ ‘जिटर’ म्हणतात. आकडा बरोबर, पण तो उतरवण्याचा क्षण चुकला, तर लहरीचा आकार बिघडतो; आणि लहर जितकी वेगाने चढत असेल तितका बिघाड मोठा. सर्वांत कठीण प्रसंग कल्पून गणित केले, म्हणजे वीस हजार आवर्तनांचा सूर पूर्ण जोराने वाजतो आहे असे धरले, तर चूक अर्ध्या पायरीच्या आत ठेवण्यासाठी ठोका १२१ पिकोसेकंदांपेक्षा जास्त हलता कामा नये. एवढ्या वेळात प्रकाशही साडेतीन सेंटीमीटरच जातो. असा आकडा वाचला की माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला नवे घड्याळ विकणे सोपे जाते.

मी ते २००६ साली विकत घेतले. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने प्लेअर उघडून जुना स्फटिक काढला, आणि स्वतंत्र वीजपुरवठ्यावर चालणारी नव्या घड्याळाची पट्टी बसवली. त्या रात्री मी अमीर खाँ साहेबांचा झूमऱ्यातला विलंबित ख्याल लावला. आपल्या इंदूरचा माणूस, आणि चौदा मात्रांचा तो संथ पसारा. दोन मात्रांमधल्या शांततेत मला तंबोऱ्याची जवारी नव्याने ऐकू आली. डोळ्यांत पाणी आले. हे मी रंगवून सांगत नाही, खरेच आले. आठवडाभरात मी दोन मित्रांना इतके पटवले, की त्या दोघांनीही घड्याळे बदलून घेतली. दोघेही पगारावर जगणारे.

नंतर सरांना भेटायला गेलो. त्यांनी ऐंशी ओलांडली होती. माझे वर्णन त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला: ‘‘कोणते घड्याळ चालू आहे ते ठाऊक नसताना ऐकलेस का?’’

मला राग आला. कानाला काय परीक्षा द्यायची? पण तो प्रश्न घरापर्यंत माझ्यासोबत आला.

विद्यार्थ्याने त्याच बनावटीचा, घड्याळ न बदललेला दुसरा प्लेअर मिळवला. दोन्हींवर त्याच मुद्रणाच्या प्रती लावल्या आणि दोन्हींचा आवाज मीटरने समान केला, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमी अधिक चांगला भासतो. तो पडद्यामागे नाणे उडवून एक यंत्र निवडणार आणि मी ओळखणार, असे सोळा वेळा. बारा किंवा अधिक ओळखी बरोबर आल्या तर त्या केवळ नशिबाने येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणून बाराची अट आधीच लिहून ठेवली. माझ्या नऊ बरोबर आल्या. सहाव्या फेरीत तर मी छातीठोकपणे सांगितले होते, की असा तंबोरा जुन्या घड्याळातून येणेच शक्य नाही. तो जुन्याच घड्याळातून येत होता.

मग मी वाचायला लागलो. संगीत ऐकताना जिटर कानाला कधी कळतो, याच्या चाचण्या झालेल्या आहेत. १९९८ साली बेंजामिन आणि गॅनन यांना प्रत्यक्ष संगीतात ही मर्यादा सुमारे वीस नॅनोसेकंदांच्या घरात आढळली; २००५ साली जपानमध्ये आशिहारा आणि सहकाऱ्यांनी अनियमित जिटर घेतला, तेव्हा तयार कानांनाही तो काहीशे नॅनोसेकंदांच्या आत ओळखता आला नाही. एक नॅनोसेकंद म्हणजे हजार पिकोसेकंद. माझा जुना, स्वस्त स्फटिक या मर्यादांच्या पुष्कळ आत होता. नवे घड्याळ अधिक स्थिर होते यात शंका नाही, मोजणीयंत्र ते दाखवते. मोजता येणे आणि ऐकू येणे यांत मी गल्लत केली होती.

आणखी एक गोष्ट तर माझ्यासारख्या गाणे ऐकणाऱ्याला आधीच सुचायला हवी होती. खाँ साहेब १९७४ साली गेले, म्हणजे सीडी येण्याच्या आठ वर्षे आधी. त्यांचे बहुतेक गाणे टेपवर मुद्रित झाले, आणि चांगल्या टेपयंत्राचा वेगही दहा हजारांत काही भाग हलतो. तो हेलकावा मुद्रणातच मुरलेला. तो मला कधी खटकला नव्हता, आणि त्याच्यापुढे नगण्य असलेल्या थरथरीसाठी मी पैसे मोजले!

घड्याळ निरर्थक आहे असा याचा अर्थ मात्र घेऊ नये. मुद्रणाच्या वेळी ते वाईट असेल तर चूक आकड्यांतच उतरते, ती पुढे कोणी काढू शकत नाही. तबकडी वाचणारे यंत्र आणि आकड्यांचा आवाज करणारे यंत्र वेगवेगळे असले, तर ठेका तारेतून जातो आणि तिथे खराबी शिरू शकते. एकाच पेटीतल्या, धड चालणाऱ्या प्लेअरची गोष्ट निराळी.

त्या रात्रीचे पाणी मग कशाचे होते? विद्यार्थ्याने पेटी उघडली तेव्हा भिंग पुसले होते, जोडण्या घट्ट केल्या होते असे म्हणून मी काही दिवस स्वतःची समजूत घातली. खरे असे, की कित्येक महिन्यांनी मी दिवा मालवून, दुसरे काही न करता, तासभर खाँ साहेबांना ऐकले होते.

मित्रांना सांगणे सर्वांत कठीण गेले. एक हसला आणि चहा मागवला. दुसरा म्हणाला, ‘‘तुला येत नसेल ऐकू, मला येते.’’ पुढे सहा महिने तो माझ्याशी बोलला नाही. त्याच्या घड्याळाचे निम्मे पैसे मी देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. सरांनी निकाल ऐकला आणि विचारले, ‘‘नोंदी ठेवल्यास ना?’’

माझा प्लेअर २०१५ साली बंद पडला. घड्याळाची पट्टी मी काढून ठेवली होती, ती आज शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आणली आहे; ऑसिलोस्कोपला जोडून मुलांना स्फटिकाचा ठेका दाखवता येईल. पाकिटात त्या दिवशीचा सोळा नोंदींचा कागदही आहे. सहाव्या ओळीपुढे मी ‘निश्चित’ असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. त्या तशाच ठेवल्या आहेत.