ठिणगी कधी पडायची?

(मंडळाच्या उन्हाळी स्नेहसंमेलनात ईडन प्रेरी इथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीतल्या एका ताईंनी फोनवरच बजावलं होतं, "कॉम्प्युटरवर बोलू नकोस हं, समोर बसलेले निम्मे लोक तेच करतात." मी म्हटलं, मग माझ्या गराजमधल्या १९६७ च्या फोक्सवॅगन बीटलवर बोलतो. तर म्हणाल्या, "बोल, पण मुलांना कळेल असं." तेव्हा बच्चेकंपनी, आधी तुमच्यासाठी.

तुम्ही कुणाला झोका देता. झोका मागे येऊन थांबतो आणि पुढे निघतो, त्या क्षणी हलकासा धक्का दिला की तो उंच जातो. तो अजून तुमच्याकडे येत असतानाच जोर लावलात, तर तुमच्याच मनगटाला हिसका बसतो. फार उशिरा ढकललंत, तर हात नुसते हवेत फिरतात. इंजिनाचं टायमिंग म्हणजे हेच. पिस्टन वर येतो, पेट्रोल आणि हवा दाबतो, ठिणगी पडते, आणि जळलेला वायू पिस्टनला खाली ढकलतो.

आता मोठ्यांसाठी. मिश्रण एका क्षणात पेटत नाही. ज्योत प्लगपासून पसरत जाते, त्याला एक-दोन मिलिसेकंद तरी लागतात. म्हणून पिस्टन पार वर पोचायच्या थोडं आधीच ठिणगी टाकावी लागते. हे 'थोडं आधी' अंशांत मोजतात. मिनिटाला ९०० फेऱ्यांवर इंजिन एका मिलिसेकंदात साडेपाच अंशांच्या आसपास फिरतं. तेच ३,६०० फेऱ्यांवर साडेएकवीस अंश! म्हणजे वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पडायला हवी. (अगदी चौपट आधी नाही, कारण वेगात घुसळलेलं मिश्रण लवकरही पेटतं.) जुन्या गाडीत हे काम डिस्ट्रिब्युटर करतो. कुठे त्यात स्प्रिंगला अडकवलेली वजनं असतात, कुठे व्हॅक्यूमची डबी, कुठे दोन्ही. प्रोग्रॅमची एकही ओळ न लिहिता केलेला हा हिशेब बघितला की आमच्या धंद्यातल्या माणसाला जरा नम्र व्हायला होतं.

चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची ही व्यवस्था रुळवली आणि ती पुढे साठ-सत्तर वर्षं टिकली. आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिलीय ती मात्र प्रीमियर पद्मिनीत. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १,०८९ सीसीची, आपण मरेपर्यंत 'फियाट'च म्हणणार ती. लहानपणी पुण्यात आमच्याकडे एक होती. तिचं टायमिंग बघणाऱ्या फिटरकाकांची हत्यारं म्हणजे दोन पाने, एक स्क्रू ड्रायव्हर, वायर जोडलेला बल्ब आणि कान. टायमिंग लावलं की गाडी कात्रजच्या चढावर न्यायची, टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबायचा. हलकी खडखड ऐकू येऊन लगेच विरली तर ठीक. खडखड चालूच राहिली तर टायमिंग पुढे आहे, थोडं मागे घ्यायचं. अजिबात आली नाही आणि गाडीही ओढत नाही, तर उलटं.

ती खडखड म्हणजे नॉकिंग. ठिणगी फार लवकर पडली की दाब आणि उष्णता इतकी वाढते की न जळलेलं उरलंसुरलं मिश्रण आपोआप भडकतं. फिटरकाका पुस्तकातल्या आकड्यापेक्षा चढाला मान द्यायचे, याचं कारण मला पुढे इंजिनिअरिंगला कळलं. पुस्तकातला आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी असतो आणि पेट्रोल बदलत राहतं. नॉकिंग रोखणारं शिसं अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांच्या पेट्रोलमधून १९९६ पर्यंत पूर्ण गेलं, भारतात २००० साली. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांपुढे तर वेगळाच पेच होता. सीएनजी सावकाश जळतो, त्याला ठिणगी आणखी आधी लागते. त्याच टायमिंगवर पेट्रोल घातलं तर खडखड! एक डिस्ट्रिब्युटर आणि दोन इंधनं, म्हणजे मधली जागा शोधायची. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. ती मधली जागा हाताला माहीत असलेली माणसं आता काय करत असतील, कोण जाणे.

बीटलच्या बाबतीत मात्र हा कान चालत नाही, आणि हे मला आज मुद्दाम सांगायचंय. फियाटच्या इंजिनाभोवती पाणी असतं, त्यामुळे बाकीचे आवाज दबतात. बीटलला पाणीच नाही, मागे पंखा घोंघावतोय. नॉकिंग होत असलं तरी त्या गोंगाटात कळत नाही. त्यातून तीन नंबरच्या सिलिंडरला हवा कमी मिळते, कारण तिच्या वाटेत ऑइल कूलर उभा आहे. टायमिंग पुढे राहिलं तर डोकं तापतं, पिस्टनला भोक पडू शकतं, आणि चालवणारा आपला मजेत गाणी ऐकत असतो. म्हणून इथे मोजायचंच.

पद्धत अशी. इंजिन थंड हवं. आधी पॉइंटचा गॅप, माझ्या गाडीला ०.४ मिलिमीटर. हा क्रम उलटा करू नये, कारण गॅप बदलला की टायमिंग बदलतं. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, ठिणगी लवकर पडते. मग पान्याने इंजिन हाताने फिरवून पुलीवरची ७.५ अंशांची खाच केसच्या मधल्या सांध्यासमोर आणायची आणि रोटर एक नंबरच्या प्लगच्या खुणेकडे आहे ना ते बघायचं. बल्बची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला, दुसरी इंजिनच्या धातूला. किल्ली ऑन. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून तो घड्याळाच्या दिशेने फिरवायचा, बल्ब विझेपर्यंत. मग अगदी सावकाश उलटा. बल्ब लागला त्या क्षणी थांबायचं, कारण पॉइंट उघडले तो हाच क्षण. बोल्ट आवळा आणि परत तपासा, आवळताना हमखास हलतं. किल्ली उगाच ऑन ठेवू नका, कॉइल तापते.

टायमिंग लाइट असेल तर आणखी मजा. एक नंबरच्या वायरला चिमटा लावला की प्रत्येक ठिणगीला दिवा चमकतो आणि गरगर फिरणारी पुली थिजल्यासारखी दिसते. ॲक्सिलरेटर वाढवला की खूण सरकते. ती सरकत नसेल किंवा नाचत असेल, तर दोष डिस्ट्रिब्युटरच्या आत आहे, बाहेरून कितीही फिरवून उपयोग नाही.

दोन सूचना. पट्टा फिरत असताना ओढणी, लांब केस आणि सैल बाह्या लांब. आणि आपल्या मिनेसोटात थंडीत गराजचं दार बंद करून इंजिन चालू ठेवायचं नाही, एक मिनिटही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मघाशी एका काकांनी विचारलं, इलेक्ट्रॉनिक किट का बसवत नाहीस? बसवा की! पॉइंट घासण्याची कटकट जाते. पण डिस्ट्रिब्युटर कुठे धरायचा हे तेव्हाही आपल्यालाच ठरवायचं असतं. तुमच्या होंडा-टोयोटात मात्र इंजिनावर बसवलेला एक सेन्सर नॉकिंग टिपतो आणि कॉम्प्युटर ताबडतोब टायमिंग मागे घेतो. फिटरकाकांचा कान आणि कात्रजचा चढ, दोन्ही एका नाण्याएवढ्या तुकड्यात. इथल्या फ्लाइंग क्लाउड विमानतळावरून डोक्यावर घिरट्या घालणारी छोटी विमानं बघता ना? त्यातली बरीचशी अजून मॅग्नेटोवर उडतात. त्यांचं टायमिंग बहुधा वीस-पंचवीस अंशांवर पक्कं बांधलेलं, आणि तिथला मेकॅनिकही पॉइंट नेमके कधी उघडतात हेच शोधत असतो, दिव्याने किंवा गुणगुणणाऱ्या डबीने.

पेट्रोलचं म्हणाल, तर आपल्या राज्यात जुन्या गाड्यांसाठी इथेनॉल नसलेलं ९१ ऑक्टेनचं पेट्रोल पंपावर मिळतं. मी तेच घालतो, मुख्य म्हणजे जुन्या रबरी नळ्यांसाठी.

गाडी बाहेर पार्किंगमध्ये आहे. बल्ब आणि पाना डिकीत, म्हणजे बीटलच्या बाबतीत पुढे. जेवणाची रांग लांब दिसतेय, तेवढ्यात ज्यांना बल्ब लावून बघायचाय त्यांनी चला. मुलं आधी.