उभे राहण्याचा हक्क आणि गर्दीची सुरक्षितता : इंग्लिश फुटबॉल मैदानांचा धडा

फुटबॉलचा सामना उभे राहून पाहणे मुळातच धोक्याचे आहे, की उभ्या प्रेक्षकांसाठी केलेली व्यवस्था सदोष असते तेव्हाच ते धोक्याचे ठरते, हा प्रश्न इंग्लंडमध्ये तीन दशके वादाचा राहिला. 1994 पासून तेथील वरच्या दोन श्रेणींच्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला खुर्ची देणे बंधनकारक होते. 2022 मध्ये हे बंधन काही अटींवर सैल करण्यात आले आणि प्रेक्षकांना ठरावीक विभागांत रीतसर उभे राहता येऊ लागले. या बदलाची कारणे, त्यामागचे तंत्र आणि त्यावरील आक्षेप यांचा विचार करताना एक गोष्ट स्पष्ट होत जाते. ती अशी की, गर्दीतील माणसाचा जीव जागेची नेमकी मोजणी, विचारपूर्वक केलेली रचना आणि त्या माणसाविषयीचा आदर या तिहींच्या आधाराने सुरक्षित राहतो, आणि यांतले एक जरी ढळले तरी उरलेली दोन पुरी पडत नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ब्रिटनमधील मैदानांभोवती प्रेक्षकांसाठी उतरत्या रुंद पायऱ्या बांधल्या जात आणि त्यांना ‘टेरेस’ म्हटले जाई. तेथे खुर्च्या नसत. मागून येणारा रेटा मध्येच अडावा म्हणून काही अंतरावर लोखंडी आडवे कठडे तेवढे असत. तिकीट स्वस्त असल्यामुळे आणि जागेला क्रमांक नसल्यामुळे कारखान्यांतले, गोद्यांतले, खाणींतले कामगार आपापल्या सोबत्यांसह तेथे गोळा होत. संघाची गाणी तेथेच उठत आणि मुलांना या खेळाचा लळाही तेथेच लागे. मात्र या पायऱ्यांवर किती माणसे मावतात याची काटेकोर मोजणी बराच काळ झाली नाही. 1946 मध्ये बोल्टनच्या बर्नडेन पार्कवर 33 जण चेंगरून मरण पावले. 2 जानेवारी 1971 रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानातून बाहेर पडताना एका जिन्यावर 66 जणांचा बळी गेला. त्यानंतर, 1975 च्या कायद्याने, मोठ्या मैदानांना सुरक्षिततेचा दाखला घेणे आवश्यक झाले. परंतु याच सुमारास प्रेक्षकांमधील हाणामाऱ्या वाढल्यामुळे टेरेसभोवती उंच जाळीची कुंपणे घातली गेली आणि आतल्या जागेचे ‘पेन’ म्हणजे बंदिस्त कप्पे पाडण्यात आले. प्रेक्षक मैदानात उतरू नये, ही चिंता त्याच्या जिवाच्या चिंतेपेक्षा वरचढ ठरली.

तिचे फळ 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर दिसले. लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील एफए कपच्या उपांत्य सामन्यासाठी लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना लेपिंग्ज लेनच्या बाजूची टेरेस दिली होती. तेथे 10,100 जणांना आत घेण्यासाठी अवघी 7 फिरती फाटके होती. सामन्याची वेळ जवळ आली तशी बाहेर गर्दी इतकी दाटली की 2 वाजून 52 मिनिटांनी पोलिसांच्या आदेशावरून बाहेर पडण्याचे एक मोठे दार आत येण्यासाठी उघडण्यात आले. दारातून शिरलेल्या माणसाला समोरच एक उतरता बोगदा दिसे आणि तो थेट मधल्या दोन कप्प्यांत उघडत असे. हे कप्पे आधीच भरले होते, कडेच्या कप्प्यांत मात्र मोकळी जागा होती. तरीही बोगद्याचे तोंड बंद करून लोकांना बाजूला वळवण्याची कोणतीही तजवीज झाली नाही. मागच्यांना पुढे काय चालले आहे ते दिसत नव्हते आणि पुढच्यांना कुंपणामुळे बाहेर पडता येत नव्हते. 3 वाजून 6 मिनिटांनी सामना थांबवला गेला, तेव्हा फार उशीर झाला होता. पुढे वर्षानुवर्षांनी दगावलेल्यांसह या दुर्घटनेतील मृतांची संख्या 97 झाली.

अशा चेंगराचेंगरीत माणसे प्रामुख्याने पायदळी तुडवली जाऊन मरतात, हा समज पुरता खरा नाही. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे दाटली की कोणालाही स्वतःच्या इच्छेने हलता येत नाही. एकाला बसलेला धक्का लाटेसारखा सगळ्यांतून जातो, छातीवरील दाबामुळे श्वास घेण्यापुरताही पिंजरा फुलत नाही आणि माणूस उभ्या-उभ्या गुदमरतो. म्हणूनच ब्रिटनमधील क्रीडांगण-सुरक्षेची मार्गदर्शिका उभ्या प्रेक्षकांसाठी 10 चौरस मीटरला जास्तीत जास्त 47 जण ही मर्यादा घालते, आणि जागेची स्थिती किंवा देखरेख कमी प्रतीची असेल तर तीही खाली आणायला सांगते.

हिल्सबरोची चौकशी न्यायमूर्ती टेलर यांनी केली. ऑगस्ट 1989 च्या अंतरिम अहवालातच त्यांनी गर्दीवरील पोलिसांच्या नियंत्रणातील अपयश हे मुख्य कारण म्हणून नोंदवले. तरीही दारू प्यालेल्या आणि तिकीट नसलेल्या प्रेक्षकांनीच हा अनर्थ ओढवून घेतला, हा आरोप मृतांच्या कुटुंबांना पुढे कित्येक वर्षे सोसावा लागला. तो खोटा असल्याचे 2012 मध्ये स्वतंत्र समितीने कागदपत्रांच्या आधारे दाखवले आणि 26 एप्रिल 2016 रोजी ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा मनुष्यवधाचे असल्याचा व प्रेक्षकांचा त्यात दोष नसल्याचा निर्णय दिला.

जानेवारी 1990 मधील अंतिम अहवालात टेलर यांनी उभे राहणे मूलतः असुरक्षित नसल्याचे मान्य करूनही, मोठ्या मैदानांवर सर्वांना खुर्च्या देण्याची शिफारस केली. तिकिटे त्यामुळे महागण्याचे कारण नाही, हे सांगताना त्यांनी आयब्रॉक्सचाच दाखला दिला. तेथे खुर्चीला 6 पौंड आणि उभ्याच्या जागेला 4 पौंड पडत. शिफारस अमलात आली, मात्र दरांविषयीची ही अपेक्षा हवेत विरली आणि तिकिटे इतकी महागली की टेरेस ज्यांनी गजबजलेली ठेवली होती त्यांतील अनेक कुटुंबांना मैदान परवडेनासे झाले. ब्रिटिश मैदानांवर त्यानंतर तशी दुर्घटना घडली नाही, हे खुर्च्यांच्या बाजूचे सर्वांत वजनदार प्रमाण आहे आणि ते कोणीही हलके मानू नये. परंतु त्याच काळात कुंपणे निघाली, प्रवेशाची मोजणी अचूक झाली, कॅमेरे आले आणि स्वयंसेवकांना प्रशिक्षण मिळू लागले. त्यामुळे सगळे श्रेय एकट्या खुर्चीच्या पदरात टाकता येत नाही.

शिवाय खुर्च्या आल्या तरी लोक बसले नाहीत. गोलमागच्या स्टँडमध्ये आणि पाहुण्या संघाच्या विभागात हजारो प्रेक्षक संपूर्ण सामना खुर्चीपुढे उभे राहूनच पाहत आले. खुर्चीची पाठ उभ्या माणसाच्या जेमतेम गुडघ्याशी येते. गोल होताच मागून लोट आला की तो तिच्यावरून पुढच्या रांगेत तोंडघशी पडतो. म्हणजे कायद्याने बसवलेली खुर्चीच उभ्या माणसाच्या बाबतीत इजेचे कारण ठरत होती, आणि उभे राहणे मुळात अमान्य असल्यामुळे त्यासाठी सुरक्षित रचना करण्याची सोयही उरली नव्हती.

या कोंडीतून वाट काढणारी रचना म्हणजे ‘रेल सीट’. तिच्यात प्रत्येक रांगेच्या लांबीभर कमरेइतक्या उंचीचा पक्का धातूचा कठडा असतो आणि त्यात घडी होणारी खुर्ची बसवलेली असते. उभ्या प्रेक्षकाला पुढे टेकायला कठडा मिळतो, मागचा लोट त्याच्या रांगेपर्यंत पोहोचण्याआधीच अडतो आणि बसायचे असेल तेव्हा खुर्ची उघडता येते. जुन्या टेरेसवर कठडे तुरळक होते, येथे तो प्रत्येक रांगेला आहे. जुन्या टेरेसवर जागा अंदाजाने भरत, येथे एका खुर्चीच्या जागी एकच माणूस, हा नियम आहे.

जर्मनीत उभ्या जागा कधी नाहीशा झाल्याच नाहीत. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे 25,000 प्रेक्षक उभे राहतात आणि पूर्वी युरोपीय स्पर्धांसाठी तेथे खुर्च्या बसवल्या जात. ब्रिटनमध्ये इंग्लंडचा कायदा लागू नसलेल्या स्कॉटलंडने पुढाकार घेतला आणि 2016 मध्ये ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने सुमारे 3,000 जणांसाठी रेल सीट बसवल्या. 2018 मध्ये खालच्या श्रेणीतील श्रूजबरी टाउन या छोट्या क्लबच्या चाहत्यांनी वर्गणी काढून त्या आपल्या मैदानावर आणल्या. त्याच वर्षी वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा प्रस्ताव सरकारने फेटाळला, तेव्हा लाखाहून अधिक नागरिकांनी सह्या केलेल्या अर्जामुळे या विषयावर संसदेत चर्चा झाली. अखेर 2 जानेवारी 2022 रोजी चेल्सी आणि लिव्हरपूल यांच्या सामन्यात स्टॅम्फर्ड ब्रिजवर परवानगीने उभे राहण्याच्या प्रयोगाला सुरुवात झाली. चेल्सीसह पाच क्लबांत तो पार पडल्यावर पुढच्या हंगामापासून अटी पाळणाऱ्या सर्व क्लबांना ही मुभा मिळाली. प्रयोगाची सुरुवात आयब्रॉक्सच्या दुर्घटनेच्या स्मृतिदिनी, आणि तीही लिव्हरपूलच्या सामन्याने झाली, हे मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हिल्सबरोत आप्त गमावलेल्या काही कुटुंबांनी या बदलाला विरोध केला. ज्यांच्या घरातले माणूस उभ्याने सामना पाहायला गेले आणि परतले नाही, त्यांची भीती युक्तिवादाने खोडून काढण्याची वस्तू नाही. नव्या नियमांची कठोरता त्या भीतीचा मान राखणारी असली पाहिजे. दुसरीकडे लिव्हरपूलच्याच समर्थकांच्या संघटनेने मत घेतले तेव्हा मोठे बहुमत रेल सीटच्या बाजूने पडले. दुसरा आक्षेप असा की उभ्या गर्दीत मुले, वृद्ध आणि अपंग प्रेक्षकांची अडचण होते. यावरील उपाय अटींतच आहे. हे विभाग वेगळे आखलेले असतात, इतरांची व अपंगांची दृष्टिरेषा अडता कामा नये असे बंधन असते, आणि कॅमेऱ्याची देखरेख व प्रशिक्षित स्वयंसेवक आवश्यक असतात. ज्याला बसून पाहायचे आहे त्याच्यापुढचा माणूसही त्यामुळे एकदाचा बसतो.

हा विषय महाराष्ट्रालाही परका नाही. 29 सप्टेंबर 2017 रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकावरील अरुंद पादचारी पुलाच्या जिन्यावर 23 प्रवाशांचे प्राण गेले. आयब्रॉक्सच्या जिन्याशी त्याचे साम्य उघड आहे. अशा प्रत्येक प्रसंगी बेशिस्त गर्दी, पसरलेली अफवा, लोकांची घाई ही कारणे आधी पुढे केली जातात आणि जिन्याची रुंदी, दारांची संख्या, आत सोडलेल्यांची मोजणी यांची विचारपूस मागे पडते. इंग्लंडला हा क्रम उलटा करायला 97 माणसे आणि त्यांच्या कुटुंबांचा जवळजवळ तीन दशकांचा न्यायलढा खर्ची घालावा लागला. यात्रा असो, स्थानक असो की मैदान, माणसे जमणारच आणि उभीही राहणारच. ती किती असतील, कोठून येतील, कोठून जातील आणि रेटा आला तर कशाला धरतील, या प्रश्नांची उत्तरे आधी देणे हे व्यवस्थेचे काम आहे. ते काम न करता गर्दीला बोल लावण्याचा अधिकार कोणत्याही व्यवस्थेला पोहोचत नाही.