आमचे मुरुड



दापोली तालुक्यातील समुद्रकाठच्या आमच्या मुरुड गावाविषयी चार शब्द सांगण्याची मला आज्ञा झाली आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या व श्रीदुर्गादेवीच्या देवळातील कोरीव लाकडी खांब आपणांस ठाऊकच आहेत. मी पडलो शाळामास्तर. मला निराळेच आठवते.

धोंडो केशव कर्वे याच गावच्या शाळेत शिकले. परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले, तो वय लहान दिसते म्हणून परत पाठविले गेले! पुढे मिळवते होताच त्यांनी गावासाठी ‘मुरुड फंड’ काढला. परंतु १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा त्याच गावाने सभा भरवून ठरविले, की कर्वे असतील त्या बैठकीस कोणी बसू नये; भावाने घरी उतरवून घेतल्यास त्यासही वाळीत टाकावे. ठरविणारे आपलेच आजे-पणजे, आणि एरवी सज्जन. १९५८ साली कर्व्यांना भारतरत्न लाभले. गावात आज त्यांचे स्मारक आहे.

तेथे मुलांना नेले म्हणजे मी तो ठरावही सांगत असे. पालकांस ते रुचत नसे. एका आजीबाईंनी मात्र हळूच विचारले, “मास्तर, त्या सभेत आमचेही कोणी होते काय हो?”

“असतील,” मी म्हणालो, “आमचेही असतील.”