टेकू लावलेला जिना

गिरगावचे प्रमोद नवलकर लोकप्रतिनिधी असताना वेषांतर करून रात्री मुंबईभर हिंडायचे. कागदावर न येणारं शहर त्यांना डोळ्यांनी बघायचं असायचं.

गिरगावच्या आमदाराचं रहिवाशांच्या सुरक्षेचं काम आजही चाळीच्या जिन्यापासूनच सुरू होतं. लाकडी पायरी हलते, कठडा डुगडुगतो, वरच्या मजल्याला खालून टेकू दिलेला, आणि त्या टेकूलाच दोरी बांधून कपडे वाळत घातलेले! अशा जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या, इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९मध्ये कायदा झाला. आता हे काम म्हाडाचं मंडळ बघतं. पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते, तरी माणसं घर सोडत नाहीत. संक्रमण शिबिरात गेलो तर परत कधी येणार, ही भीती खरी आहे. तिला हट्ट म्हणणं अन्यायाचं होईल. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी जवळच्याच भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसं गेली. ती इमारतही धोकादायक ठरलेलीच होती.

म्हणून आमदाराने अभियंत्याला घेऊन त्या जिन्यातच उभं राहायला हवं. तिथे दाद लागली नाही, तर विधानसभेत तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी सूचना आहे. पण त्यासाठी हातात कागद लागतो. तुमच्या जिन्याची पायरी हलत असेल, तर लेखी अर्ज द्या आणि पोचपावती जपून ठेवा.