सुट्या कथा, सलग मोहीम



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आमच्या विषयाचे नाव वाचून आपणांपैकी पुष्कळांनी भुवया उंचावल्या असतील. काल याच व्यासपीठावर अर्थकारणावर बोलणे झाले, उद्या संतवाङ्मयावर होणार आहे, आणि मध्येच आज हा खेळाचा विषय कशाला, असा प्रश्न येथे येताना वाटेत दोघातिघांनी आम्हांस विचारलाही. त्यांना आम्ही एवढेच सांगितले, की विषय खेळाचा असला तरी प्रश्न कथेचा आहे, आणि कथेचा प्रश्न कोकणातल्या माणसाला परका नाही.

प्रथम खेळ काय ते सांगतो. पाचसहा माणसे एका टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार असतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात; कोणी योद्धा होतो, कोणी वैदू, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो : समोर खाडी आहे, पलीकडे दिवा दिसतो, होडी नाही, आता काय करता? ज्याने त्याने आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर द्यावयाचे. करणी अवघड असली तर फासा टाकावयाचा, आणि फाशाचे दान सर्वांनी मानावयाचे. संवाद कोणी लिहून दिलेले नसतात, शेवटही ठरलेला नसतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने या खेळाचे नियम छापले, आणि तेथून तो जगभर गेला.

नियम अमेरिकेत छापले गेले हे खरे. पण लिहिलेल्या संवादावाचून रात्रभर नाटक उभे करण्याची कला पाहावयास आपल्याला तेथवर जावे लागत नाही. दशावतारी मंडळी जत्रेला येतात, त्या रात्रीचे आख्यान कोणते ते आपसांत ठरवतात, आणि मग राजा, राक्षस, ऋषी आपापली भाषणे रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. आपल्या नमन-खेळ्यांतही गण झाला, गवळण झाली, की वगात हजरजबाबीपणाला मोकळे रान असते. तेव्हा खेळ नवा असला तरी त्यातली वृत्ती जुनी आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या खेळासाठी तयार साहसांच्या पुस्तिका छापून मिळतात. एका पुस्तिकेत एक गाव, एक संकट, चारदोन नकाशे आणि त्या संकटाची उकल. दोनतीन बैठकांत ती संपते. पण तीच मंडळी तीच पात्रे घेऊन पुन्हा जमतात, आणि त्यांना पुढे काय झाले ते हवे असते. सूत्रधाराला दुसरी पुस्तिका काढावी लागते. ती वेगळ्या लेखकाची, वेगळ्या देशातली, कधी वीस वर्षे आधीची. या सुट्या पुस्तिका एकापुढे एक मांडून त्यांतून एक सलग मोहीम कशी करावी, हा आमचा आजचा प्रश्न.

जे खेळ छापून विकतात त्यांनाही तो पडलेला आहे. १९७८ साली राक्षसांच्या गढ्यांवरील तीन पुस्तिका निघाल्या, पाठोपाठ भूगर्भातल्या नगरीच्या तीन, आणि १९८० साली कोळ्यांच्या राणीची एक. १९८६ साली या सातांचा एक ग्रंथ झाला. त्याच वर्षी गुलामांच्या व्यापाऱ्यांवरील चार पुस्तिकाही एकत्र बांधण्यात आल्या, आणि १९८५ सालच्या एका मंदिराच्या ग्रंथाला त्या पुढून जोडण्यात आल्या. अशी तिन्हींची साखळी झाली. पण कडी कडीत सहज बसली नाही. गुलामांच्या पुस्तिका मूळच्या चौथ्या ते सातव्या पायरीच्या पात्रांसाठी होत्या, म्हणजे मध्यम बळाच्या. मंदिराचा ग्रंथ संपवून येणारी पात्रे त्याहून बलवान झालेली. मग शत्रू वाढवून ते साहस सातव्या ते अकराव्या पायरीसाठी पुन्हा जुळवावे लागले. सूत्रधाराला शिकण्यासारखी पहिली गोष्ट ही : छापलेले आहे म्हणून ते तसेच चालवावे असे नाही. आलेल्या पात्रांकडे पाहून पुस्तिका बदलावी.

दुसरा दाखला आम्हा समुद्रकाठच्या लोकांना अधिक जवळचा आहे. सॉल्टमार्श नावाच्या एका कल्पित बंदरावर १९८१, १९८२ आणि १९८३ साली तीन पुस्तिका इंग्लंडमधल्या लेखकांनी लिहिल्या. पहिलीत गावाबाहेर एक भुताटकीचे घर आहे. शोध घेता कळते की भूतबीत काही नाही, चोरटा माल उतरवणाऱ्यांनी लोकांना दूर ठेवण्यासाठी उठवलेली ती आवई आहे. दुसरीत कळते की त्या मालातली शस्त्रे दलदलीत राहणारे सरडमानव विकत घेत आहेत. गाव घाबरते. पण ते गावावर चालून येणार नसतात. समुद्रातल्या एका क्रूर जमातीने त्यांना घरातून हुसकावलेले असते, आणि तिच्याशी लढण्याची ती तयारी असते. तिसरीत त्या खऱ्या शत्रूशी गाठ पडते. २०१९ साली या तिन्ही कथा आणि एका मासिकात पूर्वी येऊन गेलेली चार सागरी साहसे मिळून सात कथांचा एक ग्रंथ निघाला. संपादकांनी काय केले? गावाचे वर्णन वाढवले, गावच्या कारभाऱ्यांत दोन तट घातले, आणि जुन्या त्रयीच्या दुसऱ्या व तिसऱ्या भागांच्या मध्ये दोन परक्या कथा बसवल्या. कथा कोठूनही येवोत, परतावयाचे बंदर एकच. नमन-खेळ्यांना आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला जाताना जसा आपला गाव सुटत नाही, तसेच हे.

पण गाव एक ठेवले की काम संपले, असे मात्र समजू नये. येथे आपल्याच वाङ्मयातला एक थोर जोडारी आठवतो. वेताळपंचविशीत पंचवीस कथा आहेत. त्या एकमेकींशी संबंधित नाहीत. एकीतला राजपुत्र दुसरीत येत नाही. तरी ते पुस्तक विस्कळीत वाटत नाही. का? राजाच्या खांद्यावर प्रेत आहे. उत्तर ठाऊक असून तो बोलला नाही तर डोके फुटणार, आणि बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर जाणार. प्रत्येक कथा राजाला काहीतरी भरावयास लावते. आणि शेवटी राजा निरुत्तर होतो, तेव्हा वेताळ त्याला ज्याच्यासाठी तो हे ओझे वाहतो आहे त्या योग्याचे कपट सांगतो. येरझारा फुकट गेल्या नाहीत असे तेव्हा कळते. चौकट म्हणजे नुसती भिंत नव्हे. चौकटीलाही तिचे स्वतःचे संकट हवे, आणि आतल्या प्रत्येक कथेचा जमाखर्च त्या संकटाच्या खात्यावर पडावयास हवा.

हे सगळे आम्ही आज शहाणपणाने सांगत आहोत. पण शिकलो ते चुकून. आमच्या मंडळीत सूत्रधारपण आमच्याकडे होते. पाच खेळाडू, त्यांत कॉलेजात जाणारा एक मुलगा होता. सॉल्टमार्शचे बंदर आम्ही आपल्या किनाऱ्यावर आणले. भुताटकीचे घर खाडीवरच्या कड्यावर ठेवले, गावात पावसाळा घातला. त्या मुलाने तांडेलाचे पात्र घेतले होते. दलदलीत शिरताना, खरे काय ते कळण्यापूर्वी, त्याच्या हातून सरडमानवांचे दोन पहारेकरी मारले गेले. पुढे उलगडा झाला, समेट झाला. तेव्हा त्या पोराने आपल्या पात्राच्या तोंडून त्यांच्या म्हातारीला शब्द दिला : मेलेल्यांच्या पोरांसाठी पौर्णिमेच्या आत भाताची होडी भरून आणतो. हे पुस्तिकेत नव्हते. त्याचे त्यानेच सुचवले होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही दुसरी पुस्तिका घेऊन गेलो. बुडत्या जहाजाची कथा. आम्हांस फार आवडलेली. बसल्या बसल्या आम्ही सांगून टाकले, की तुम्ही सगळे जहाजावर आहात आणि किनारा सोडून महिना झाला आहे.

मुलगा म्हणाला, “काका, आणि तो भात?”

आम्ही म्हणालो, “अरे, ती पुस्तिका संपली.”

तो थोडा वेळ फासा हातात धरून बसला. मग म्हणाला, “पुस्तिका तुमची संपली, काका. शब्द माझा होता.”

त्या रात्री तो खेळला, पण विचारले तेवढेच बोलला. पुढचे दोन आठवडे आला नाही. परीक्षा आहे असा निरोप आला. परीक्षा नव्हती हे आम्हांस ठाऊक होते.

आम्हांस वाईट वाटले ते खेळ मोडला म्हणून नव्हे. जे वय शब्द द्यावयास आणि पाळावयास शिकते, त्या वयाच्या मुलाने आमच्यासमोर एक शब्द दिला होता, आणि आम्ही, वडीलधाऱ्यांनी, एका छापील पुस्तिकेच्या सोयीसाठी तो त्याला मोडावयास लावला होता. आम्ही त्याच्या घरी गेलो. चुकलो म्हणालो. आणि सांगितले, की मोहीम पौर्णिमेच्या आधल्या दिवसापासून पुन्हा सुरू होईल.

बुडत्या जहाजाची कथा आम्ही टाकली नाही. तेच जहाज भाताचे केले. ज्या व्यापाऱ्याने उधारीवर भात दिला त्याचेच ते गलबत, आणि ते वादळात अडकले. आता तीच दारे, तेच नकाशे. पण प्रत्येक पोते वर काढताना टेबलाभोवती श्वास रोखलेला. भात पोचला, पण तीन दिवस उशिरा, आणि निम्माच. फाशाने तसे ठरवले, आणि आम्ही त्यात हात घातला नाही. म्हातारीने होडी मोजली आणि काहीच बोलली नाही. मात्र शेवटच्या पुस्तिकेत, समुद्रातल्या शत्रूशी गाठ पडली तेव्हा, तिची माणसे गावाच्या बाजूला उभी राहिली.

या अनुभवावरून आमच्या मते सुट्या कथा जोडण्याचे काही साधे नियम निघतात. पुस्तिका निवडण्यापूर्वी एक वही घालावी. तिच्यात तीन रकाने असावेत : कोण भेटले, कोणाला काय कबूल केले, कोणाचे काय राहिले. नवी पुस्तिका हाती घेताना तिच्यातल्या अनोळखी नावांच्या जागी या वहीतली ओळखीची नावे घालता येतात का ते आधी पाहावे. पुस्तिकेत सावकार असेल, तर नवा कशाला? पूर्वी ज्याच्याकडून उधार घेतले तोच बसवावा. दोन पुस्तिकांत दोन खलपुरुष असतील, तर एक दुसऱ्याचा भाऊ, चाकर किंवा ऋणको करावा. प्रवासाचे दिवस मोजावेत आणि पंचांग चालू ठेवावे. पात्रे महिनाभर दूर होती तर त्या महिन्यात गावात काय घडले ते परतल्यावर दिसावे. पात्रांचे बळ पाहून शत्रूचे बळ बदलावे. आणि सर्वांत शेवटी, खेळाडू तुमच्या आवडत्या पुस्तिकेकडे पाठ फिरवून भलत्याच वाटेने निघाले, तर ती पुस्तिका कपाटात ठेवावी. उद्या कामास येईल. आली नाही तरी चालेल.

यावर कोणी आक्षेप घेईल, की इतका खटाटोप खेळासाठी कशाला? एका लेखकाने लिहिलेली दीर्घ मोहीमही बाजारात मिळते, ती घ्यावी. घ्यावी, आमची ना नाही. तिच्यात एकसंधपणा असतो. पण तो लेखकाचा असतो. खेळाडूंना त्यात चालावयाचे तेवढे असते. सुट्या कथांच्या मध्ये ज्या फटी राहतात, त्या त्यांच्या त्यांनी भरलेल्या असतात, आणि वर्षानंतर तेवढ्याच त्यांच्या लक्षात राहतात. कीर्तनकाराचे आख्यान आपण पूर्वी दहादा ऐकलेले असते. तरी पूर्वरंगातला अभंग त्या आख्यानाला तो नेमका कोठे जोडतो, हे ऐकण्यासाठीच आपण पुन्हा जातो.

असो. तो मुलगा पुढे नोकरीसाठी पुण्याला गेला. आमच्या बैठका थांबल्या. रत्नागिरीतल्या कोणत्याही मंडळाचे हेच होते, त्यात नवल नाही. जाण्यापूर्वी तो वही मागावयास आला. तिसऱ्या रकान्यात अजून एक नोंद उरली होती : निम्मा भात देणे. आम्ही ती खोडू लागलो, तर त्याने हात धरला.

ती वही आता पुण्याला आहे. तिथे तो स्वतः सूत्रधार झाला आहे, आणि त्याच्या मोहिमेतही एक खाडी आहे असे कळते.