पाटीवर एकच नाव

रत्नागिरीत माझ्या शेजारी एक जोडपं राहतं. घराच्या पडवीत त्यांनी छोटा स्टुडिओ थाटलाय. लग्नं, नमनाचे खेळ, आंब्याच्या जाहिराती, असं काहीबाही चित्रित करतात. कॅमेरा त्याच्या खांद्यावर. पण रात्री दोन-दोनपर्यंत जागून एडिटिंग करते ती. पावसात वीज गेली की केलेलं पुन्हा करायचं. परवा म्हटलं, "वहिनी, पाटीवर तुमचं नाव कुठाय?" ती हसली आणि चहा ठेवायला आत गेली.

मला सरस्वतीबाई फाळके आठवल्या. दादासाहेबांनी १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणला आणि दादरच्या राहत्या घरातच चित्रपटाचा कारखाना सुरू झाला. कोऱ्या फिल्मला कडेची भोकं नसत. ती अंधारात पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुणंही शिकल्या. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक होताच. दागिनेही त्यांनीच काढून दिले. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा खाणावळीतले साळुंके लुगडं नेसले. त्यांचं नाव आपण कौतुकानं घेतो! ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. भोकं नीट पडली नसती तर फिल्म यंत्रात सरकलीच नसती.

काल शेजारी पाटी नव्यानं रंगवायला पेंटर आला होता. मी गडग्यापाशी उभा होतो. "नाव काय घालू?" त्यानं विचारलं. शेजारी म्हणाला, "जुनंच."

मी चपला घातल्या आणि त्यांच्या अंगणात गेलो.